चकाकीबाबत शेरा

बटणाचे कोपरे किती गोल असावेत, या एका प्रश्नावर मी एकवीस दिवस सरकारी पत्रव्यवहार केलेला आहे. तेव्हा बटणांच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवू नये. शिकवायला येतंय तरी कोण म्हणा! आमच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर माझ्याशिवाय कुणी नसतं, आणि घरी तर पहिल्यापासूनच कुणी नाही.

हे असं कसं झालं ते थोडक्यात सांगतो. आमचं पाणीपुरवठा कार्यालय दोन वर्षांपूर्वी नव्या इमारतीत गेलं. टेबलं गेली, खुर्च्या गेल्या, माणसं गेली, भिंतीवरचं घड्याळसुद्धा खिळ्यासकट गेलं. राहिलं ते आमच्या चित्रशाखेतलं नकाशांचं कपाट. लांबरुंद, पोलादी, अख्ख्या गावाच्या नळांचे नकाशे पोटात घेऊन बसलेलं. ते नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये जाईना आणि जिन्यात वळेना. शेवटी आदेश निघाला, 'कपाट व कपाटाशी संबंधित कर्मचारी पुढील आदेशापर्यंत जुन्या इमारतीतच राहतील.' कपाटाशी संबंधित कर्मचारी म्हणजे मी. तीस वर्षं नकाशे काढले, आणि माझी ओळख काय, तर कपाटाचा नातेवाईक! पुढील आदेश अजून यायचाच आहे.

आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, नव्या इमारतीतून टपालवाला यायचा. दारातूनच "सही करा, सही करा" म्हणायचा आणि शाई वाळायच्या आत जिना उतरायचा. मी एकदा त्याला बसा म्हटलं, तर म्हणाला, "बसायला वेळ कुणाला आहे?" मला होता. पण ते त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

अशात एका मंगळवारी माझ्या नावाने कागद आला. 'कार्यालयाच्या नवीन संकेतस्थळासाठी नऊ (९) बटणे, चकचकीत, तातडीने तयार करून सादर करावीत.' मी तो तीनदा वाचला. सात महिन्यांत माझ्याकडून कुणी काही मागितलं नव्हतं. इतका आनंद झाला की मी आधी दार लावून घेतलं, जणू बाहेर माणसांची रीघ लागली होती.

आता आमच्या शाखेत कॉम्प्युटर आहे, पण इंटरनेट नाही. स्थलांतराच्या वेळी वायरी उपटून नेल्या आणि कॉम्प्युटर जड म्हणून ठेवून गेले. त्यात वेक्टर ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर मात्र होतं, नळांचे नकाशे काढायला घातलेलं. या सॉफ्टवेअरची गंमत अशी, की त्यात काढलेली रेघ कितीही मोठी करा, फुटत नाही. मोहरीएवढं वर्तुळ पडदाभर फुगवलं तरी कड तशीच स्वच्छ. रिकाम्या दुपारी मी नुसता तेच करत बसायचो. एक रेघ मोठी करायची, आणखी मोठी करायची, आणि साडेपाच वाजले की घरी जायचं.

पण मी पडलो जुन्या वळणाचा आरेखक. बटण म्हटल्याबरोबर समोरून, वरून आणि बाजूने अशी तिन्ही दृश्यं काढली. मापाच्या रेघा टाकल्या. जाडी चार मिलिमीटर धरली. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट करून प्रमाण, दिनांक आणि सही. नियमाप्रमाणे रेखाचित्रं कागदावरच सादर करायची असतात, म्हणून नऊ बटणांचे नऊ मोठे कागद छापले, फाइलमध्ये लावले आणि टपालवाल्याच्या हवाली केले. त्याने जिन्यात एकदा मागे वळून पाहिलं. मला वाटलं कौतुकानं. त्याच्या काखेत ते मावत नव्हते.

शुक्रवारी फाइल परत आली. आत हिरव्या शाईत शेरा होता. 'समोरील दृश्य पुरेसे आहे. बटणास जाडी आवश्यक नाही. चकाकी आढळून येत नाही.' खाली सही म्हणून नुसता एक गुंता.

आढळून येत नाही! जसं काही मी ती खिशात घालून घरी नेली होती! मी तडक कामाला लागलो. कोपरे गोल केलेला एक आडवा आयत घेतला. खाली गडद निळा, वर फिकट निळा, आणि मध्ये एक रंग दुसऱ्यात विरघळत जाईल अशी छटा. वरच्या अर्ध्या भागावर एक पांढरा लंबगोल ठेवला आणि तो खालच्या बाजूला हळूहळू पुसट करत नाहीसा केला. कडेला बारीक गडद रेघ, खाली मऊ सावली. आणि काय सांगू! बटण असं ओलं दिसायला लागलं की वाटलं, फडकं घ्यावं आणि पुसावं. मी खरोखर पडद्याला बोट लावून पाहिलं. मग "हे बघा!" असं मोठ्याने म्हणून मागे वळलो.

मागे कपाट होतं. त्या क्षणी मला फार एकटं वाटलं. शब्द फिरवत नाही, सरळच सांगतो, फार एकटं वाटलं.

असो. छापायला घेतलं, तर प्रिंटर फक्त काळा छापणारा. पडद्यावरचं ते ओलं निळं बटण कागदावर आलं पाटीसारखं, वर पांढुरका ठिपका. तसंच पाठवलं. शेरा आला, 'चकाकीच्या जागी डाग आढळला.'

त्या संध्याकाळी घरच्या जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. काकूंना माझा चेहरा वाचता येतो, आणि वाचल्यावर गप्प बसता येत नाही. मी सगळी हकिकत सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि आत जाऊन एक छोटीशी बाटली आणली. "सुनेची राहिलीये इथं. नखांना लावतात. रंग नाही, नुसती चमक. लावा तुमच्या बटणांना."

"काकू, हे सरकारी काम आहे."

"मग दोन हात लावा."

लावले. पट्टी धरून, रेघेबाहेर न जाता, नऊच्या नऊ बटणांना दोन-दोन हात लावले. घरभर असा वास सुटला की मला रात्रभर खिडकीशी झोपावं लागलं. मंगळवारी फाइल दिली आणि शुक्रवारी शेरा आला, 'चकाकी आढळून आली. मात्र बटण क्र. ४ हे वाहतुकीदरम्यान एका कर्मचाऱ्याच्या रजेच्या अर्जास चिकटले असून, सदर रजा अडकली आहे.'

पाठोपाठ त्या कर्मचाऱ्याचा फोन आला. जुन्या इमारतीतला फोन कित्येक महिन्यांत वाजला नव्हता, मी दचकलोच. गृहस्थ दहा मिनिटं आरडाओरडा करत होते. माझी अक्कल काढली, चित्रशाखेची काढली, कपाटाचीसुद्धा काढली. मी निमूटपणे ऐकत होतो. खरं सांगू का, बरं वाटत होतं. ते दम घ्यायला थांबले तेव्हा मी म्हटलं, "बोला ना अजून." त्यांनी फोन आपटला.

रविवारी आक्काचा फोन असतो. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला वाटलं मला शिक्षा झाली आहे. "या वयात बटणं काढायला बसवलं तुला? थांब, ह्यांना देते." भावजी फोनवर आले, म्हणाले, "लाल ठेव. लाल दिसलं की माणूस दाबतोच," आणि फोन परत आक्काकडे गेला. भावजींचं सगळ्या विषयांवर असं तयार मत असतं, आणि ते एका वाक्यात संपतं. आक्काने जेवलास का विचारलं, मी हो म्हटलं, आणि झाला तो रविवार.

यानंतर जो शेरा आला त्याने मात्र सगळं बदललं. 'बटणांवरील प्रकाश नेमका कोणत्या दिशेने येतो, याचा खुलासा करावा.' प्रश्न रास्त होता. मी प्रामाणिक खुलासा लिहिला, 'या शाखेत प्रकाश डावीकडील खिडकीतून येतो. अकरानंतर तो कपाटावर पडतो. बटणांतही तसाच दाखविला आहे.'

उत्तर आलं, 'खुलासा वाचला. या कक्षास खिडकी नाही. डावीकडील प्रकाश मान्य.'

मी ते मधलं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. या कक्षास खिडकी नाही. हे लिहायची काहीएक गरज नव्हती. बटणांशी त्याचा संबंध नव्हता, कुणी विचारलं नव्हतं, कुठल्या नियमात बसत नव्हतं. म्हणजे त्या हिरव्या शाईमागे कुणीतरी बसलं होतं, आणि त्याला ते कुणालातरी सांगावंसं वाटलं होतं. आणि सांगायला त्याला मी सापडलो होतो.

मी पुढच्या कागदावर लिहिलं, 'आज येथे ऊन स्वच्छ होते. बटण क्र. ५ सुधारून सोबत सादर.'

शुक्रवारी उत्तर आलं, 'ऊन पोहोचले. कोपरे अधिक गोल करता येतील का, ते पाहावे.'

तिथून ते एकवीस दिवस सुरू झाले. मी दोन मिलिमीटर म्हणालो, ते तीन म्हणाले. मी तीन केले, ते म्हणाले, 'जास्त वाटतात. सर्दीमुळे शेऱ्यास विलंब झाला.' मी लिहिलं, 'अडीच केले आहेत. वाफ घ्यावी.' त्यांनी लिहिलं, 'वाफ घेतली. अडीच बरे वाटतात. सर्दी तशीच.' मनातल्या मनात मी त्यांना शेरेवाले साहेब म्हणायला लागलो. मंगळवारी आणि शुक्रवारी स्वच्छ दाढी करायला लागलो. टपालवाल्याची चाहूल लागली की उठून उभा राहायचो, आणि तो "सही करा" म्हणायच्या आत सही केलेली असायची. काकू म्हणाल्या, "तब्येत सुधारली हो तुमची." मी म्हटलं, कामाचा व्याप वाढलाय.

आणि मग एके दिवशी शेरा आला, 'आठ बटणे समाधानकारक. नववे प्राप्त होताच नस्ती बंद करता येईल.' नस्ती म्हणजे फाइल. आमच्याकडे फाइल बंद झाली की ती दोरी बांधून तळाला जाते आणि तिच्यात पुन्हा कुणी अक्षर लिहू शकत नाही.

नववं बटण तर तयार होतं. 'संपर्क साधा' असं त्यावर लिहायचं होतं, ते लिहून, चमकवून टेबलावर ठेवलेलं होतं. ते पाठवलं की संपलं. मंगळवार नुसता मंगळवार होणार, शुक्रवार नुसता शुक्रवार.

तेव्हा मी तीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. तिसरं बटण उघडलं, 'तक्रार नोंदवा' लिहिलेलं, आणि त्याच्यावरचा पांढरा लंबगोल उचलून फेकून दिला. चांगलं झालेलं काम माझ्या हाताने बिघडवलं. नवव्याबरोबर तेही पाठवलं, 'किरकोळ सुधारणा केली आहे' असं लिहून.

शेरा आला, 'क्र. ३ ची चकाकी नाहीशी झाली आहे. कारण कळवावे.' मी कळवलं, 'नजरचुकीने.' चकाकी परत घातली आणि सातव्यातला प्रकाश उजवीकडे नेऊन ठेवला. शेरा आला, 'क्र. ७ मध्ये प्रकाश उजवीकडून येत आहे. तेथील खिडकी हलविली काय?' मी एकटाच इतका हसलो की कपाटाचं दार थरथरलं. असे दोन महिने गेले. एक बटण सुधारायचं, दुसरं बिघडवायचं. मी एवढा सुखी कधी नव्हतो.

मग फाइल यायची थांबली.

एक मंगळवार गेला, एक शुक्रवार गेला. मी स्मरणपत्र पाठवलं. उत्तर नाही. दुसरं पाठवलं. टपालवाला म्हणाला, "फाइल तिकडेच आहे. मी काय तिच्यावर बसलोय का? सही करा." तीन आठवडे झाले. मला नाही नाही ते वाटायला लागलं. सर्दी वाढली असेल. बदली झाली असेल. किंवा माझी चोरी पकडली असेल आणि रागावले असतील. जेवण जाईना. काकूंनी जिन्यात अडवलं.

"समक्ष जाऊन या की! दोन बस बदलल्या की झालं. पत्रं काय पाठवता?"

"काकू, माझी त्यांची ओळख नाही."

"मग हे तीन आठवडे तोंड कुणासाठी पाडलंय?"

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला आणि निघालो.

नव्या इमारतीच्या दारात रखवालदार. पुढ्यात वही. "कुणाला भेटायचंय?"

"शेरेवाल्या साहेबांना."

"नाव?"

नाव मला कुठे माहीत होतं! मी जुन्या शेऱ्याचा कागद काढून सही दाखवली. त्याने कागद उलटा करून पाहिला, लिफ्टवाल्याला बोलावलं. लिफ्टवाल्याच्या मते ती सही नव्हतीच, पेन चालतं का ते पाहिलं होतं. बिल भरायला आलेल्या एक बाई म्हणाल्या, आमच्या डॉक्टरांची अशी आहे. शेवटी रखवालदाराने माझ्याकडे मोर्चा वळवला.

"तुम्ही कोण?"

"मी इथलाच कर्मचारी."

"मग कार्ड दाखवा."

कार्डं नव्या इमारतीतल्यांना मिळाली, मला कोण देतंय? मी आदेशाची प्रत दाखवली. त्याने ती मोठ्याने वाचली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "कपाट व कपाटाशी संबंधित कर्मचारी..." मग मान वर करून विचारलं, "कपाट कुठंय?"

तीस वर्षांची नोकरी, आणि माझ्या छातीवर 'पाहुणा' लिहिलेला कागद चिकटवला गेला. मी तो निमूटपणे चिकटवून घेतला. भांडायला गेलो असतो तर परतच पाठवलं असतं. मग मला सुचलं. "अहो, खिडकी नसलेली खोली कुठली?"

"असं सांगा ना मघाच! तळघरात. शेवटचं दार."

शेवटचं दार अर्धं उघडं होतं. आत एक ट्यूबलाइट, एक टेबल, आणि टेबलामागे माझ्याच वयाचे एक गृहस्थ, अंगात एकावर एक दोन स्वेटर. पुढ्यात हिरव्या शाईची दौत. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"आपण?"

"चित्रशाखा," मी म्हटलं.

ते ताडकन उठून उभे राहिले. "साहेब! बसा ना."

"छे छे, साहेब तुम्ही."

"नाही हो. बसा."

बसलो. तेही बसले. दोन्ही बसमध्ये मी किती गोष्टी ठरवल्या होत्या बोलायच्या, एकही आठवेना. ते म्हणाले, "प्रवास?" मी म्हटलं, "झाला. सर्दी?" ते म्हणाले, "गेली." मी म्हटलं, "बरं झालं." आम्ही एकमेकांना तीस-चाळीस शेरे लिहिले होते, आणि समोरासमोर बसल्यावर तोंडातून शब्द फुटेना. मी टेबलाकडे पाहत होतो, ते दौतीकडे पाहत होते.

शेवटी मीच धीर करून विचारलं, "फाइल?"

त्यांनी खण उघडला. खणात तेवढी एकच फाइल होती. तिच्यावर वरून आलेला आदेश टाचलेला होता, तीन आठवड्यांपूर्वीचा. 'संकेतस्थळाचे काम बाहेरील कंपनीस देण्यात आले असून संकेतस्थळ सुरूही झाले आहे. बटणांची आवश्यकता नाही. नस्ती तात्काळ बंद करावी.' त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे फिरवला. पांढऱ्या पानावर नऊ करडे चौकोन. ना छटा, ना सावली, ना चकाकी. कोपरेसुद्धा सरळ कापलेले.

मला आधी संताप आला. मग नुसतंच वाईट वाटलं.

"तीन आठवडे झाले," ते खाली बघत म्हणाले. "रोज पेन उचलतो आणि ठेवतो. बंद असं लिहायचंय फक्त. मला लिहवेना."

"मला वाटलं, तुम्ही रागावलात. क्रमांक तीनची चकाकी..."

"ती तुम्ही काढली होती. कळलं होतं मला." ते पहिल्यांदाच हसले. "मी कारण विचारलं ना, ते उगाच. म्हटलं, तेवढंच शुक्रवारी काहीतरी येईल."

मी मान हलवली. मग मीच फाइल त्यांच्यापुढे सरकवली. आदेश होता, किती दिवस खणात ठेवणार? त्यांनी पेन शाईत बुडवलं आणि लिहिलं, 'नस्ती बंद.' सही केली. दोरी बांधताना एक टोक मी धरलं.

आता तिथे थांबायला कारण उरलं नव्हतं. मी उठलो, दारापर्यंत गेलो, आणि पाय पुढे जाईना. मागे वळून विचारलं, "साहेब, डबा किती वाजता खाता?"

"एकला."

"एकटेच?"

"तळघरात कोण येतंय जेवायला? तुम्ही?"

"मीही एकटाच."

पुढचं वाक्य जिभेवर होतं आणि बाहेर येत नव्हतं. माणसाला समोरासमोर असं काही विचारायची सवयच राहिली नव्हती मला. ते माझ्याकडे पाहत होते. मग त्यांनी खणातून एक कोरा कागद काढला आणि पेनासकट टेबलाच्या माझ्या बाजूला ठेवला.

"लेखी द्या," ते म्हणाले. "म्हणजे मला उत्तर देता येईल."

मी परत खुर्चीत बसलो. वर दिनांक टाकला. 'विषय: दर मंगळवारी व शुक्रवारी दुपारचा डबा एकत्र खाण्याबाबत.' खाली लिहिलं, 'मान्यतेस्तव सादर,' आणि कागद त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी तो दोनदा वाचला, हिरव्या शाईत काहीतरी लिहिलं, सही केली आणि कागद परत दिला.

'मान्य. आजपासून.'

"आज मी डबा आणला नाही हो," मी म्हटलं.

"पूर्ण वाचा की," ते म्हणाले आणि टेबलाखालून आपला डबा वर काढला.

सहीच्या खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. 'आज एका डब्यात दोघांनी भागवावे.'